साष्टांग आखणी

"पाठ? माझी पाठ?" काळूरामनं ब्रश कानावर खोचला आणि सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असा हसला. "अवो शेठ, तुमच्या ह्या पोरांच्या पाठी प्लास्टरच्या. माझी सागाची हाय. सागाला कवा उसण भरलेली ऐकलीय?"

हैबतरावांनी ऐकली नव्हती. पेणच्या कुंभार आळीतल्या त्या गणपतीच्या कारखान्याचे ते मालक, आणि ते आत्ता एवढंच म्हणाले होते की, "काळूराम, यंदा निम्मी आखणी पोपटला देऊ या. दिवसभर पाटावर उकिडवं बसायचं म्हणजे ह्या वयात कंबर धरते."

आखणी म्हणजे गणपतीचे डोळे काढणं. मूर्ती कुणीही ओतावी, रंग कुणीही मारावा, पण डोळे काढले की मातीचा देव होतो. आणि हैबतरावांच्या कारखान्यात हे काम त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून एकटा काळूराम करत आला होता. पोपट गनवाला. म्हणजे स्प्रे गननं सोवळी पिवळी करायची, कान गुलाबी करायचे. त्याला बरीच वर्षं डोळ्यांवर जायचं होतं, आणि मालकाचं बोलणं ऐकून त्यानं गन बंद केली होती.

"बघ रे पोपट," काळूराम म्हणाला, "सागाची पाठ कशी असते ते बघ."

समोर तीन फुटी गणपती होता. काळूराम वाकला, दोन्ही हातांनी देवाला कवळ घातली, "मोरया" म्हणाला आणि उचलला. म्हणजे अर्धा उचलला. कमरेत कुणीतरी सुतळी तोडल्यासारखा आवाज झाला. तो आवाज फक्त काळूरामला आला, पण चेहरा सगळ्यांना दिसला.

"ठेवा की आता," पोपट म्हणाला.

"ठेवतो."

"मंग?"

"ठेवतो म्हटलं ना!"

त्याला खाली वाकता येईना आणि वर उठता येईना. शेवटी पोपट आणि हैबतराव दोघांनी मिळून त्याच्या मिठीतून देव सोडवून घेतला. देव गेला तरी काळूराम तसाच राहिला, कवळ घातलेला, मान खाली, रिकाम्या हवेला धरून. तेवढ्यात बुकिंगला आलेलं एक कुटुंब दारात उभं राहिलं. त्यातली म्हातारी कौतुकानं म्हणाली, "बघ गो सूनबाय, काय भक्ती हाय माणसाची!"

कुटुंब गेल्यावर हैबतराव म्हणाले, "हे बघ काळूराम, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आखणी सुरू. त्या दिवशी जो पाटावर बसंल, डोळे त्याचे. मला देव वेळेवर बाहेर काढायचेत."

पोपटनं गन सुरू केली.

*

घरी हौसानं नवऱ्याला दारातून आत घेतलं तेव्हा तो काटकोनात होता.

"कुणाला दाखवायला गेलावता जोर?" ती म्हणाली. "घरात पाण्याचा हंडा उचलताना हात दुखतो. तिकडं तीन फुटी देव उचलतो!"

"उसण हाय गो. जाईल."

"आपोआप नाय जात. शकूला बोलावते."

"शकूला नको!"

शकू हौसाची मावसबहीण, आणि ती पायाळू होती. म्हणजे जन्माला येताना तिचे पाय आधी आले. अशा माणसानं पाठीत लाथ घातली की उसण जाते हे पेण तालुक्यात लहान पोरालाही माहीत आहे, डॉक्टरांना तेवढं अजून कळायचंय. काळूरामला लाथेचं काही वाटत नव्हतं. पण शकूच्या लग्नात पंगतीला वाढताना तो, "नवरी जेवून उठली का? मग आता पाव्हन्यांना बसवायला हरकत नाय," असं मोठ्यानं म्हणाला होता. शकू ते विसरली नव्हती.

ती लगेच आली. येताना पायातलं जोडवं काढून पदराला बांधून आली.

"भावजी, वाका."

"वाकलेलाच हाय गो दुपारपासून."

लाथ एकच मारायची असते. शकूनं तीन मारल्या. दुसरी कशाला असं हौसानं विचारलं तर ती म्हणाली, "पहिली लागली का नाय ते कळलं नाय." तिसरीचं कारण तिनं दिलं नाही.

काळूराम सरळ झाला, हे खरं आहे. सरळ होऊन तो भिंतीपर्यंत गेला, तिथून परतला, "गेली वाटतं," म्हणाला आणि पाटावर बसायला खाली झाला. त्याबरोबर ढुंगणापासून टाचेपर्यंत एक वीज अशी सळसळत गेली की त्यानं शकूच्या आईवडिलांची नावं घेतली.

"आधी कमरेत व्हतं, आता पार टाचेत गेलं!"

"मंजे उतरतंय," शकू समाधानानं म्हणाली. "असंच उतरत उतरत अंगठ्यातून निघून जाईल. काळजी करू नका. पुन्यांदा येऊ का उद्या?"

*

पेणमध्ये कुणाला दाखवायची सोय नव्हती. इथं सकाळी दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवला की दुपारी ते पोपटला कळणार. म्हणून हौसानं रोह्याची चौकशी केली. तिथं बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एक मुलगी गोळी न देता, सुई न टोचता कंबर बरी करते, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. काळूराम कारखान्यात सांगून गेला की रोह्याला धावीर महाराजांच्या दर्शनाला चाललोय.

पेण ते रोहा एसटीचा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. वडखळपर्यंत काळूरामनं खड्डे मोजले नाहीत, खड्ड्यांनीच त्याचे मणके मोजले. नागोठण्यानंतर भिसे खिंडीत गाडी वळली की तो वळायचा, फक्त उलटीकडं. शेवटी तो उठून दांड्याला लोंबकळत उभा राहिला. कंडक्टर म्हणाला, "काका, जागा हाय की." काळूराम म्हणाला, "मला उभ्यानं बघायला आवडतं." बघायला बाहेर खोदलेला रस्ता होता.

रोह्याच्या त्या मुलीचं नाव लीया रोहेकर. दारावरची पाटी वाचून काळूराम थबकला.

"तू एलिजा तेल्याची कोन?"

"नात. आजोबांना ओळखायचात?"

"तर! माझा बाप त्यांच्या घान्याचं तेल न्यायचा. सगळे दिवस घाना चालू, शनवारी बंद. शनवार तेली म्हणायचे ना तुमा ज्यू लोकांना. कुठं हायत सगळे?"

"इस्रायलला गेले. काका, आत्या, सगळे. आई आणि मी राहिलोय."

"तू का नाय गेलीस?"

"तुमच्या कंबरा कुणी बघायच्या?" लीया म्हणाली. "झोपा पलंगावर. उताणे."

काळूराम झोपला आणि मन लावून तेलाची वाट बघू लागला. एवढ्या नावाजलेल्या तेल्याची नात, म्हणजे कोमट खोबरेल, निदान तिळाचं. लीयानं त्याचा पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलला. पाय जेमतेम उशीएवढा वर गेला असेल, काळूराम ओरडला.

"सायटिका," ती म्हणाली. "पाठीतल्या गादीनं नस दाबलीय."

"घरात गादी नाय. चटई हाय."

"मणक्यातली गादी, काका."

मग तिनं गरम पिशवीनं कंबर शेकली आणि त्याला पालथं झोपवलं. थोड्या वेळानं कोपरांवर उठायला लावलं. छाती वर, पोट आणि कंबर खाली, सैल. "असंच राहा. श्वास घ्या. आता सांगा, दुखणं कुठं आहे?"

"टाचेत... नाय. पोटरीत. वर चढतंय! बाय, वर चढतंय!"

"छान. वर चढायलाच हवं. पायातून निघून कमरेत गोळा झालं की आपण जिंकलो."

"मंजे अंगठ्यातून निघून नाय जायाचं?"

"अंगठ्यातून? हे कुणी सांगितलं?"

काळूरामनं शकूचं सगळं सांगितलं. लीयानं डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"लाथ," ती शेवटी म्हणाली. "दबलेल्या नसेवर लाथ."

"तीन."

"हे बघा काका. आता लाथ नाही. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. दिवसातून काही वेळा थोडा थोडा वेळ हा व्यायाम करायचा, आणि चालायचं. काम काय करता?"

"डोळे काढतो. उकिडवं बसून."

"उकिडवं बिलकूल नाही. टेबल घ्या, गणपती टेबलावर ठेवा आणि उभं राहून काढा."

काळूराम पालथाच होता, नाहीतर उठून उभा राहिला असता. "उभ्यानं? आमच्यात कोन उभ्यानं डोळे काढत नाय, बाय. उभं राहून मानूस भिंत रंगवतो. डोळे काढायला मनगट गुडघ्यावर टेकावं लागतं. त्याबिगर हात थरथरतो."

"मग कोपर टेकायला कापडाची घडी ठेवा. पण टेबल घ्या."

"बरं," काळूराम म्हणाला. टेबल घ्यायचा त्याचा अजिबात विचार नव्हता. "आन तेल?"

"तेल नाही."

"थोडं सुद्धा?"

"आजोबांचं तेल लोक भाजीत घालायचे, काका. मला शिकवलंय ते व्यायामाचं."

*

रोह्यात जे वर चढायचं ते परत येताना वडखळच्या आत खाली उतरायचं. तरी काळूराम जात राहिला. एकदा तर तो खड्डे खात, दांड्याला लोंबकळत तिथं पोचला आणि दाराला कुलूप. शनिवार होता. एलिजा तेल्याचा घाणा शनिवारी बंद असायचा हे त्यानंच तिला सांगितलं होतं. पायरीवर बसता येईना, म्हणून दाराला टेकून उभा राहिला आणि पुढच्या गाडीनं परत आला. कारखान्यात हैबतरावांनी विचारलं, "झालं दर्शन?" तो म्हणाला, "देऊळ बंद व्हतं." हैबतरावांना नवल वाटलं.

घरात ओटीवर तो पालथा पडून कोपरांवर उठायचा. येणारे जाणारे थांबायचे. कोंबड्या पाठीवर चढायच्या. हौसाला झाडता येत नव्हतं, सारवता येत नव्हतं.

"सकाळधरनं कितीदा साप झालाय हा मानूस," ती शकूला सांगायची. "कवा फणा काढील नेम नाय. काल पोस्टमन बिचारा घाबरून अंगणातूनच गेला."

"मी म्हणते एक लाथ..."

"नाय!" ओटीवरून आवाज यायचा.

नागपंचमी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात पाट मांडला गेला, पाटासमोर पहिला गणपती, बाजूला काळ्या रंगाची वाटी आणि बारीक ब्रश. पोपट नवा शर्ट घालून आला होता. हैबतराव हात मागे बांधून उभे होते.

काळूराम पाटाशी गेला. पाया पडला, म्हणजे हनुवटीनं पडला. मग बसायला खाली झाला. गुडघे थोडे वाकले आणि टाचेतून ती वीज निघाली. त्यानं परत प्रयत्न केला. पुन्हा वीज. पोपट घसा खाकरून एक पाऊल पुढं आला. आणि त्या क्षणी, वेदनेमुळं म्हणा नाहीतर सवयीमुळं म्हणा, काळूराम सरळ जमिनीवर पालथा झाला. कोपरांवर उठला. छाती वर, कंबर सैल. पाय गप्प झाला. समोर देवाचा चेहरा थोडा वर होता, आणि कोपर जमिनीला टेकल्यामुळं हात दगडासारखा स्थिर होता.

"काळूदादा," पोपट म्हणाला, "नागपंचमी काल झाली."

"काय चाललंय हे?" हैबतरावांनी विचारलं.

"नवस," काळूराम खालून म्हणाला. "धावीर महाराजांना बोललोय. यंदा सगळी आखणी साष्टांगात."

हैबतरावांना आठवलं की हा हल्ली सारखा रोह्याला जातो. कवळ घातलेल्या काळूरामकडं बघून ती म्हातारी काय म्हणाली होती तेही आठवलं. ते धंदेवाईक माणूस होते. त्यांनी पाट स्वतः उचलून बाजूला केला आणि सतरंजी मागवली.

आठवडाभरात कारखान्याबाहेर फलक लागला: "येथे साष्टांग आखणीचे गणपती मिळतील." लोक बघायला यायचे, मोबाइलवर फोटो काढायचे, काही बायका काळूरामच्याच पाया पडायच्या. ते सोपं होतं, पाय मागेच पसरलेले असायचे. काळूरामचं दुखणं पोटरीतून मांडीत आलं, मांडीतून कमरेत. डोळे असे उतरत होते की त्याला स्वतःलाच भरून यायचं. त्याचा एकच नियम होता: देवाची नजर आपल्या नजरेला भिडली की आखणी पुरी. आणि एकेक देव जमिनीवरच्या काळूरामकडं खाली बघून नजर देत होता. झालेले गणपती माणसाच्या उंचीच्या वर, मांडणीच्या फळ्यांवर चढत होते. खाली उभं राहून वर बघितलं की सगळे देव थेट बघणाऱ्याकडंच बघायचे.

"ह्या वर्षीची नजर काय वेगळीच पडलीय," हैबतराव म्हणायचे.

रोह्याला लीयाला कळलं तेव्हा ती कपाळ धरून बसली. "काका, तो व्यायाम थोडा थोडा वेळ करायचा असतो! दिवसभर नाही! टेबल घेतलंत का?"

"टेबलाची गरजच नाय पडली."

"मान दुखेल आता."

"दुखतेच हाय," काळूराम म्हणाला. "पन तिला कुणी विचारत नाय."

*

चतुर्थीच्या आदल्या दिवशी डोलवीकडच्या धोंडुबाई कारखान्यात आल्या. त्यांचा गणपती दोन दिवसांपूर्वीच टेम्पोतून घरी गेला होता. काळूराम त्या वेळी चहा पीत होता, उभ्यानं.

"देव परत द्यायचा नसतो म्हणून मी एकलीच आले," धोंडुबाई हैबतरावांना म्हणाल्या. "पन शेठ, आमचा देव माझ्याकडं बघत नाय."

"असं कसं?"

"मी हात जोडून उभी. आन ह्यो बघतो माझ्या पायाकडं! मला वाटलं, चप्पल ऱ्हायली का काय पायात. बाजूला सरकले. तर तो जिमिनीकडंच बघतोय. जसं काय त्याचं काय सांडलंय!"

"मखरात नीट बसला नसंल."

"नीट बसलाय. आमच्या जावेचा बी तुमचाच हाय. तो तिच्या गुडघ्याकडं बघतो. ती शरमून पदर सारखा वढते."

हैबतराव हसले. मग हसायचे थांबले. त्यांनी फळीवरचा एक गणपती काढायला लावला आणि टेबलावर ठेवला, घरात मखरात असतो तेवढ्या उंचीवर. समोर उभे राहिले. देव त्यांच्या पोटाकडं बघत होता. त्यांनी पोट आत घेतलं. देव बघतच राहिला.

पोपटनं गन हलकेच खाली ठेवली. सगळ्यांना एकाच वेळी उमगलं. पालथ्या पडलेल्या माणसानं आपल्या नजरेला नजर मिळवून डोळे काढले, तर ती नजर पालथ्या पडलेल्या माणसालाच मिळणार. आणि असे गणपती पेणपासून पार कोलाडपर्यंत घराघरांत जाऊन बसले होते.

काळूरामच्या हातातला चहा तसाच राहिला.

हैबतराव मात्र कारखाना चालवून मोठे झालेले. ते वळले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "धोंडुबाय, तुम्ही साष्टांग आखणीचा देव नेलाय. उभ्यानं नजर नाय मिळायची. साष्टांग घातलात?"

"नाय बा."

"मंग?"

धोंडुबाई ओशाळून गेल्या. तासाभरानं त्यांचा फोन आला. हैबतरावांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"शेठ! बघितलं! असा बघितला माझ्याकडं, डोळ्यांत पानीच आलं! घरातले सगळे आडवे पडलोय, सगळ्यांकडं बघतो!" मग जरा थांबून, "पन शेठ, मला आता उठता येत नाय. ह्यांना बी नाय. कुणाला तरी पाठवा."

त्या वर्षी पेण तालुक्यात आरत्या पालथ्या पडून झाल्या. लीयाकडं पेणच्या पेशंटची रांग लागली. तिचं म्हणणं, ज्यांची कंबर आधीपासून धरली होती त्यांच्यातल्या काहींना बरंच बरं वाटत होतं, आणि ज्यांना काही झालं नव्हतं ते लटकले होते. हे आपल्या शास्त्रात बसतं की नाही ते तिला ठरवता येईना. तिनं आईला विचारलं की काका, आत्या बोलवतात तर जाऊ या का इस्रायलला.

चतुर्थीला दुपारी नैवेद्य झाला. पाहुणे पांगले. काळूरामच्या घरात तो आणि देव दोघेच होते. घरच्या गणपतीचे डोळे तो दरवर्षी स्वतः काढायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. आता तो समोर उभा होता आणि देव जमिनीकडं बघत होता. काळूराम जरा डावीकडं झाला. मग उजवीकडं. दाराकडं एकदा बघून तो सावकाश पालथा झाला, कोपरांवर उठला. देवानं बघितलं.

हौसा ताटं घेऊन आत आली. "सणाच्या दिवशी तरी साप नको होऊ," ती म्हणाली. "झाला का व्यायाम?"

"व्यायाम नाय गो."

हौसानं ताटं खाली ठेवली. मग पदर खोचून, हुश्श करत, तीही त्याच्या बाजूला पालथी झाली.

"खरंच की," ती म्हणाली. "बघतो."

*

पुढच्या वर्षी पोपटनं डोळे काढले. काढले म्हणजे पत्र्याचा छाप कापला, चेहऱ्यावर धरला आणि गननं फुस्स केलं. काम झटपट व्हायचं. सगळ्या देवांची नजर सारखी, आणि कुठंच नाही अशी. हैबतरावांनी काळूरामला उंदीर दिले.

"उंदीर?"

"उंदीर. खालीच असतात. खाली बघितले तरी चालतात."

काळूरामनं कोपऱ्यातलं चहाचं टेबल ओढलं, त्यावर एक उंदीर ठेवला, कोपराखाली कापडाची घडी ठेवली आणि उभं राहून उंदराचे डोळे काढले. हात थरथरला नाही. लीयानं सांगितलेलं सगळं तो करू लागला. व्यायाम सांगितला तेवढाच, रोज सकाळी मोतीराम तलावापर्यंत चालणं, आणि शनिवार सोडून रोह्याला जाणं. टेबल घेतलंय हे ऐकून लीया म्हणाली, "काका, आधीच घेतलं असतंत तर..."

"व्हय," काळूराम म्हणाला. "ते मला कळलंय. परत सांगू नको."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी धोंडुबाई पुन्हा दारात. हैबतराव उठून आत पळणार होते.

"थांबा शेठ, भांडायला नाय आले. देवाचं काय खरं नाय यंदा, नजर कुठं हाय ती त्यालाच ठाऊक. पन तो उंदीर! असा डोळ्यांत डोळे घालून बघतो की मी दचकले. नातवंडं त्यालाच नमस्कार करतात. कुनी केलाय तो?"

हैबतरावांनी टेबलाकडं बघितलं. कारखान्यात आता एकच मूर्ती डोळ्यांविना उरली होती. मालकाच्या घरचा गणपती नेहमी सगळ्यात शेवटी होतो.

"पोपट, छाप ठेव," ते म्हणाले. "काळूराम, घरच्या देवाचे डोळे तू काढ. उभ्यानं. बरे उतरले तर पुढच्या वर्षापासून आखणी परत तुझी."

देव टेबलावर आला. काळूराम समोर ताठ उभा राहिला. "दुखतंय का रे कुठं?" हैबतरावांनी विचारलं.

"कुठं दुखणार?" काळूराम म्हणाला. "साग हाय, शेठ."

त्यानं घडीवर कोपर टेकलं आणि डावा डोळा काढला. वरची पापणी एका दमात, मग खालची, मग बुबुळ, आणि बुबुळात तो पांढरा ठिपका. ब्रश उचलला तसं त्या एका डोळ्यानं देवानं त्याच्याकडं बघितलं. धोंडुबाईंनी उभ्या उभ्या हात जोडले. हैबतराव मागून पुढं आले, त्यांच्याकडंही बघितलं.

लीयाचं सांगणं काळूरामच्या पक्कं ध्यानात होतं. वाकायचं नाही, उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही. शिंकेचं तिनं काही सांगितलं नव्हतं. पलीकडं पोपट शेवटच्या प्रभावळीवर सोनेरी मारत होता. गनचा धुरळा टेबलाकडं आला. काळूराम शिंकला, आणि कमरेत पुन्हा ती सुतळी तुटली.

काळूरामला सतरंजीवर पालथा घातला. शकूला निरोप गेला. उजवा डोळा पोपटनं छाप लावून पुरा केला.